मेसेज पाठवणाऱ्यानं आधी नाव सांगावं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी सायबर फसवणुकीची बातमी असते आणि तिच्या खाली सल्ला असतो की अनोळखी नंबर उचलू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला चुकीचा नाही, पण आमच्या गावात तो चालत नाही, आणि का चालत नाही हे कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हे पत्र लिहितेय. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाईन सेंटर आहे, सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, ई-केवायसी, झेरॉक्स, सगळं इथंच होतं, त्यामुळं गावातले कितीतरी मोबाईल रोज माझ्या हातातून जातात आणि त्या मोबाईलमध्ये काय काय येऊन पडतं ते मला दिसतं.

आता विचार करा, शेतकऱ्यानं अनोळखी नंबर उचलला नाही तर त्याचं काय काय अडेल. तलाठी बदलून आला, त्याचा नंबर नवीन. पंचनाम्याला येणारा पोरगा स्वतःच्या खासगी मोबाईलवरून फोन करतो. जिनिंगवर गाडी लावली तर तिथला माणूस कोणत्या नंबरवरून बोलावेल सांगता येत नाही. कापूस वेचायला बाया सांगितल्या तर त्या नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवरून कळवतात की उद्या येणं होत नाही बाप्पा, गावची डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला की लाईनमन फोन करतो, आणि पोरगी नागपूरला होस्टेलवर असली अन् तिच्या फोनची चार्जिंग संपली की ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलते. हे सगळे अनोळखी नंबरच आहेत. म्हणून आमचा माणूस रिंग वाजली की उचलतोच, पाठीवर फवारणीचा पंप असला तरी हात पुसून उचलतो, आणि तिकडून कुणीतरी हिंदीत विचारते, सर आपको लोन चाहिए क्या.

२०२५ च्या सोयाबीनच्या हंगामातली एक गोष्ट सांगते. हमीभावानं माल द्यायचा तर ऑनलाईन नोंदणी करावी लागते, मग केंद्रावरून एसएमएस येतो की अमुक तारखेला माल आणा, एसएमएस नसला तर केंद्रावर गाडी उभी करू देत नाहीत. आमच्या गल्लीतले एक काकाजी माझ्याकडे आले, त्यांच्याजवळ बटनाचा फोन आहे, म्हणाले, "ताई, पाह्य बरं, बाजूच्या सगळ्याईले मेसेज आले, मलेच काहून नाई आला?" फोन हातात घेतला तर वर कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह लुकलुकत होतं, म्हणजे मेसेजची जागा भरलेली. बटनाच्या फोनमध्ये मेसेज ठेवायला जागा मोजकीच असते, ती भरली की नवीन मेसेज कंपनीकडंच थांबून राहतो, जागा झाली तर आत येतो आणि फार उशीर झाला तर येतच नाही. उघडून पाहिलं तर काय, रमी खेळा बोनस मिळवा, पाच लाखाचं कर्ज मंजूर झालं, कुठल्याशा शहरातल्या दुकानात दागिन्यांच्या मजुरीवर सूट, रिचार्जची ऑफर, पुन्हा तीच ऑफर, पुन्हा रमी. त्या फोनात सगळे मेसेज एकदम काढायची सोय काही सापडेना, मग एकेक उघडून ऑप्शन, डिलीट, ओके असं करत बसले आणि काकाजी डोक्याला दुपट्टा बांधून समोर उभे. थोडी जागा झाल्यावर टुंग टुंग करत दोन-तीन मेसेज आले, त्यातलाही पहिला कर्जाचाच होता, त्याच्या मागं खरेदी केंद्राचा. तारीख उलटून गेलेली. केंद्रावर फोन लावला तर ते म्हणे आता पुन्हा नंबर लागेल तेव्हा सांगू. काकाजींना उधारी फेडायची होती, रब्बीचं बियाणं आणायचं होतं, ते कुठवर थांबतील, त्यांनी गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला माल मोजून दिला. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झालेला होता आणि त्यांच्या हातात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पडले.

शहरातले लोक या फालतू मेसेजना कटकट म्हणतात, त्यांना ती कटकट असेल. इथं ते नुकसान आहे आणि क्विंटलमागं किती झालं ते मोजता येतं. पण रमीवाल्यानं काकाजीचं नुकसान केलं असं कुठल्याही तक्रारीत लिहिता येत नाही कारण त्यानं फक्त एक मेसेज पाठवला, दागिनेवाल्यानंही एकच पाठवला, प्रत्येकानं एकेकच पाठवला.

माझं म्हणणं एवढंच आहे की नको म्हणायचं काम आमच्याच माथी का. पाठवणारा आधी विचारत नाही, नाव सांगत नाही, आणि त्याला थांबवायचं तर अर्ज आम्ही करायचा, तक्रार आम्ही करायची, नंबर तारीख आम्ही लिहून ठेवायची. गावात अनोळखी माणूस आला तर पारावरचे म्हातारे पहिले विचारतात, कोण्या गावचे तुम्ही, कोणाइकडे आले, आणि तो माणूस मुकाट्यानं सांगतो, त्यात त्याला अपमान वाटत नाही. मोबाईलमध्ये शिरणाऱ्याला मात्र हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

नियम नाहीत असं नाही. मी सेंटर चालवते म्हणून मला थोडं माहीत करून घ्यावं लागलं. जाहिरातीचे कॉल नको असणाऱ्यांची यादी आपल्या देशात २००७ पासून आहे, पुढं २०१८ साली ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नवीन नियम केले, जाहिरात पाठवणाऱ्या कंपन्यांनी नोंदणी करायची, ग्राहकाची संमती घ्यायची वगैरे. १९०९ ला फोन केला किंवा मेसेज बॉक्समध्ये इंग्रजीत स्टार्ट शब्द आणि पुढं शून्य टाकून १९०९ ला पाठवलं की जाहिराती बंद करायची नोंद होते. २०२५ मध्ये हे नियम अजून कडक झाले. आधी तक्रार करायला तीन दिवस मिळायचे ते आता सात मिळतात, नोंदणी न करता साध्या मोबाईल नंबरवरून जाहिराती मारणाऱ्यावर मोबाईल कंपनीनं तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत कारवाई करायची, आणि सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई असं जे होतं ते आता दहा दिवसांत पाच तक्रारींवर आलंय. अशा बिनानोंदणीच्या नंबरची तक्रार करायला तुम्ही आधी डीएनडी, म्हणजे वर सांगितलेली जाहिराती बंदची नोंद, केलेलं असलंच पाहिजे असंही नाही. म्हणजे पाच लोकांनी वेळेवर तक्रार केली तर एक नंबर बंद पडू शकतो, आमच्या एका गल्लीत पाचाच्या वर फोन आहेत, पण ही गोष्ट गल्लीत कुणाला माहीतच नाही.

दुसरी एक चांगली गोष्ट झाली तीही कुणी सांगत नाही. आता कंपन्यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं त्याच्या शेवटी डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर येतं, पी असलं तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहाराचा मेसेज, आणि जी असलं तर सरकारी. जाहिरातीचे कॉल १४० पासून आणि बँका, विमा, सरकारी खाती यांचे कामाचे कॉल १६०० पासून सुरू व्हावेत असंही ठरलेलं आहे. मी सेंटरच्या दारावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून लावलंय आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनासुद्धा ती चार अक्षरं आकारावरून ओळखता यायला लागलीत. एका आजीला शेवटी जी दिसला की ती कुणाला तरी वाचायला दाखवते, पी दिसला की काढून टाकते. अवघड काहीच नाही यात. पण आमच्याकडे कामाचे फोन अजूनही कर्मचाऱ्यांच्या खासगी नंबरवरून येतात, मग लोकांनी १६०० ची वाट पाहायची की येईल तो फोन घ्यायचा? सरकारी खात्यांनी आणि बँकांनी आधी स्वतः ओळखीच्या नंबरवरून बोलायला पाहिजे, तेव्हा बाकीचे अनोळखी नंबर सोडून द्यायची हिंमत आमच्या माणसाला होईल. तोपर्यंत अनोळखी नंबर उचलू नका हा सल्ला देण्यात अर्थ नाही.

नाव न सांगणारे विकतात काय तेही पाहा. पऱ्हाटीला म्हणजे कपाशीला पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं, पातेगळ हमखास थांबवा, बोंडं दुप्पट, घरपोच, कॅश ऑन डिलिव्हरी. खाली एक मोबाईल नंबर. कंपनीचं नाव नाही, परवाना नंबर नाही, बाटलीत काय आहे ते नाही, बिल मागितलं तर फोन बंद. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, दवाखान्यात शेकडो लोक होते, त्या वर्षानंतर तरी आमच्या जिल्ह्यात बाटलीत काय आहे हे न सांगता कुणी औषध विकू नये आणि कुणी घेऊ नये. विषबाधा झाली तर डॉक्टर पहिले विचारतो कोणतं औषध फवारलं, बाटली आणा. लेबलवरच नाव नसेल तर डॉक्टरला काय दाखवायचं? कृषी केंद्रात घेतलेल्या मालाचं बिल असतं, दुकानदार उद्या तिथंच सापडतो, त्याच्याशी भांडता येतं. बिननावाच्या माणसाशी भांडताही येत नाही.

आता एपीकेचं. पीएम किसानचा हप्ता जवळ आला, वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, की गावच्या ग्रुपवर एक फाईल फिरते, नाव असतं पीएम किसान लिस्ट नाहीतर आरटीओ चलान, लग्नसराईत तर लग्नपत्रिका, आणि शेवटी डॉट एपीके. यादी म्हणा, पत्रिका म्हणा, ती फोटो नाहीतर पीडीएफ असते, एपीके म्हणजे अ‍ॅप, ते दाबलं की मोबाईलमध्ये बसतं आणि मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत हो हो करत जातो. एकदा परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुम्ही कुणाला न सांगताच चोराकडे पोचतो. वर ते तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाईल टाकतं, त्यामुळं पुढच्याला वाटतं की आपल्या मामाजीनं पाठवली, मामाजी कशाला फसवतील. म्हणून नंबर ओळखीचा असला तरी फाईलच्या शेवटी एपीके दिसलं तर आधी त्या माणसाला फोन लावून विचारा, तुम्ही पाठवली का. आणि व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड बंद करून ठेवा, सेटिंगमध्ये स्टोरेजच्या भागात आहे ते. पैसे गेलेच तर आधी १९३० लावायचा, नातेवाईकांना सांगत बसायचं नाही, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत अडवले तरच मिळायची आशा असते. आमच्याकडे माणूस आधी दोन दिवस लाजेनं घरातच सांगत नाही. त्यात लाजायचं काही नाही, चोरी झाली तर आपण लाजतो का?

कर्जाच्या अ‍ॅपबद्दलही दोन ओळी लिहिते. पाच-दहा हजारासाठी पोरं अ‍ॅपवरून कर्ज घेतात आणि हप्ता चुकला की त्याच्या मावशीला, मास्तरला, सासऱ्याला नाव न सांगणारे फोन सुरू होतात, घाणेरडं बोलतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं ग्राहकाच्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही. म्हणजे तुमच्या मावशीला फोन आला तिथंच ते अ‍ॅप नियमाबाहेर गेलं, हे त्या पोरानं समजून घ्यावं आणि भीतीपोटी दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढून पहिल्याचं फेडू नये.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ती वेगळी आहे.

शेजारच्या गावात एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, गावाच्या नावाचाच, पाणी कधी येणार, रेशन आलं का, कुणाचं ढोर हरवलं, असल्या कामाचा. त्या ग्रुपची लिंक कुणीतरी कुठंतरी टाकली आणि लिंकवरून एक नंबर आत आला, त्याला नाव नाही, फोटो नाही, फक्त एक टिंब. काही दिवस गप्प होता. मग एका रात्री त्यानं गावातल्या एका पोरीचा फोटो टाकला, ती यवतमाळला शिकायला एसटीनं जाते, आणि खाली दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी मी इथं लिहिणार नाही. ग्रुपवर दोनशेच्या वर लोक होते, रात्रीच्या जेवणाची वेळ, बहुतेकांनी वाचलं असणार. एकानंही विचारलं नाही की हा नंबर कोणाचा आहे. सकाळी पाह्यलं तर कुणीतरी त्याच्या खाली गुड मॉर्निंगचा फोटो टाकलेला, म्हणजे ते वर सरकावं म्हणून. पोरीच्या बापानं तिला कॉलेजला पाठवणं बंद केलं. पास काढलेला होता तो तसाच राहिला. तिची आई माझ्याकडे कशाचा तरी दाखला काढायला आली तेव्हा म्हणाली, "लिवणाऱ्याचं नाव मालूम असतं त दारात जाऊन उभी रायली असती मी. नाव नाई त कोणाच्या दारात जाऊ?"

मला त्या बाईचं बोलणं डोक्यातून जात नाही. लिहिलं ते खोटं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, तरी बदनामी पोरीचीच झाली.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला भेटायला आम्ही दोघी-तिघी गेलो, मी, अंगणवाडीच्या मॅडम आणि पोरीची मोठी आई. तो म्हणाला, मी काही लिहिलं नाही ताई, माझ्यावर केस होते का? त्याला तीच एक काळजी. त्याची ती भीती खरी होती, मी त्याला सांगितलं की आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२१ साली गोंदियाकडच्या एका प्रकरणात सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी काही टाकलं तर त्यात संगनमत नसेल तर नुसतं अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. पण भाऊ, केस होत नाही म्हणजे काम संपलं असं नाही ना. अ‍ॅडमिनला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, नंबर काढता येतो, जुनी लिंक रद्द करता येते, नवीन माणूस अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय आत येणार नाही असं सेटिंग आहे, ते आम्ही तिथंच बसून चालू केलं. त्याआधी तो मेसेज, नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवले, कारण डिलीट केल्यावर पोलिसांना दाखवायला हातात काही राहत नाही. लोक रागाच्या भरात आधी डिलीट करतात आणि मग तक्रारीला जातात, ते करू नका.

आणि त्या ग्रुपला आता एक नियम केला, नवीन आलेल्यानं पहिल्या मेसेजमध्ये आपलं नाव आणि कोणाच्या घरचा ते लिहायचं. दोन-चार नंबर आपणहून निघून गेले.

पोलिस स्टेशनला बाप जायला तयार नव्हता, आई गेली. तिथं आधी टोलवाटोलवी झाली, ती कशी झाली ते इथं सांगत नाही, पण कायद्यात काय आहे ते वाचकांना माहीत असावं म्हणून लिहिते. बाईमाणसाच्या अब्रूला धक्का लागेल असं बोलणं-लिहिणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ चा गुन्हा आहे. आणि नाव लपवून, निनावी चिठ्ठीनं म्हणा की मेसेजनं, कुणाला धमकी दिली तर कलम ३५१ मध्ये धमकीच्या शिक्षेवर अजून दोन वर्षांपर्यंत शिक्षा वाढवून ठेवलीय, म्हणजे नाव लपवून धमकावणं जास्त वाईट हे कायद्यानंही धरलंय. जुन्या आयपीसीतसुद्धा ते होतं. दुसऱ्या बाजूनं, २०१५ साली सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं ६६-अ कलम रद्द केलं, त्यामुळं नुसतं कुणाला झोंबेल असं लिहिलं म्हणून उचलून नेता येत नाही. सरपंचावर टीका केली, ग्रामपंचायतीच्या नालीचा हिशोब मागितला, तर तो गुन्हा नाही, आणि कुणी तसं धमकावत असेल तर घाबरू नये.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे नाहीतर माझ्या बोलण्याचा भलता अर्थ निघेल. नाव न सांगणारा प्रत्येक माणूस वाईट नसतो. हातभट्टी कुठं लागते हे पोलिसांना कळवणारी बाई नाव सांगू शकत नाही, दारूवाल्याचं घर तिच्या घराला लागून असतं. चोरबीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याची, पाकिटं कोण विकतो हे सांगणारा पोरगा नाव सांगेल तर उद्या त्याला उधारीत खत मिळणार नाही. रेशनचा माल रात्री कुठं जातो हे मजुराला दिसतं पण त्याचं कार्ड त्याच दुकानात आहे. गरीब माणसाला नाव झाकून बोलायची सोय असलीच पाहिजे, ती गेली तर गावात फक्त मोठ्या घरचेच बोलतील. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरसुद्धा लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या व्हिडिओसारख्या प्रकारांत नाव न देता तक्रार घेतात.

फरक कुठं आहे तो मी तुमच्या पेपरवरूनच सांगते. वाचकांच्या पत्रात निनावी पत्र तुम्ही छापत नाही, नाव-पत्ता मागता. पण कुणी विनंती केली तर नाव न छापता पत्र छापता. म्हणजे नाव गावाला कळत नाही, पण एका जबाबदार माणसाला माहीत असतं, उद्या काही झालं तर विचारता येतं. हातभट्टीची तक्रार करणाऱ्या बाईचंही तसंच, तिनं बोट दाखवलं ते दारूवर, आणि पोलिसांनी जाऊन पाहिलं की खरंखोटं कळतं. त्या टिंबवाल्यानं मात्र त्याच्यापेक्षा कमजोर असलेल्या पोरीवर चिखल फेकला आणि तपासायला काही ठेवलंच नाही. कोण कोणाविरुद्ध नाव झाकतोय हे पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

आणि सिमला नाव नसतं असंही नाही, प्रत्येक सिम कुणाच्या तरी ओळखपत्रावर निघालेलं असतं, तेच तर दुखणं आहे. संचार साथी नावाचं सरकारी अ‍ॅप आणि पोर्टल आहे, त्यात आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाईल कनेक्शन आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊपर्यंत सिम घेता येतात. माझ्या सेंटरमध्ये एका मजूर बाईचं तपासलं, तिच्याजवळ एकच फोन, तोही पोरगा वापरतो, आणि यादीत तिनं कधी न पाहिलेले नंबर. बाजाराच्या दिवशी छत्रीखाली टेबल टाकून फुकट सिम देतात ना, तिथं तिनं दोन-तीनदा अंगठा दिला होता, मशीन घेत नाही म्हणून पुन्हा दे म्हणाले. तिला आठवत होतं, "तो पोट्टा म्हने आजी, अंगठा घासून दे." आता त्या सिमवरून कुणाला काय मेसेज गेले असतील ते देवाला ठाऊक, आणि पोलिस शोधत आले तर येतील या बाईच्या झोपडीत. आम्ही ते नंबर 'माझे नाहीत' म्हणून नोंदवले, दोन मिनिटाचं काम आहे. त्याच अ‍ॅपमध्ये चक्षू म्हणून भाग आहे, संशयी फोन-मेसेजची तक्रार तिथं होते. पैसे गेले नसले तरी होते, हे महत्त्वाचं, कारण लोकांना वाटतं की फसलो तरच तक्रार करायची.

हे वाचून कुणी म्हणेल ताई हे सगळं आमच्याच्यानं होणार नाही, एवढे नंबर, एवढी अ‍ॅप. बरोबर आहे, मीही तेच म्हणतेय. पासष्टीच्या माणसानं वावरातून येऊन १९०९ ला कोणत्या फॉरमॅटमध्ये तक्रार करायची ते पाठ करावं ही अपेक्षाच चूक आहे. मोबाईल कंपन्यांनी सिम देतानाच विचारावं, जाहिराती पाहिजेत का, आणि हो म्हणणाऱ्यालाच पाठवाव्यात. बटनाच्या फोनवाल्यांना तर आधी, कारण त्यांची जागा भरते. खरेदी केंद्रांनी एसएमएस पाठवला म्हणजे कळवलं असं धरू नये, यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावावी, आणि मेसेज न मिळाल्यानं ज्याची तारीख हुकली त्याला पुन्हा पहिल्यापासून रांगेत न लावता पुढच्याच दिवशी माल आणू द्यावा. कापसाला आता कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट आलेत, तिथंही हेच होणार आहे, उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, वाट न पाहता आताच सुधारा.

ग्रामसभेत एक तास यासाठी ठेवा असं मी आमच्या सरपंचबाईंना म्हटलं, त्या हो म्हणाल्या. जिथं सेंटर आहे तिथल्या चालकांनी दर महिन्याला एक दिवस म्हाताऱ्यांचे फोन साफ करून द्यावेत, पैसे न घेता. मी देते. रमीचे मेसेज काढायचे, डीएनडी लावायचं, नावावरची सिमं पाहायची, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' तिथं फक्त ओळखीचे करायचं. एका फोनला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो.

त्या पोरीचं विचाराल तर तिच्या कॉलेजच्या मॅडम घरी येऊन बापाशी बोलल्या, आता ती पुन्हा जाते. तो नंबर कोणाचा ते अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे म्हणतात. तिच्या आईनं मला सांगितलंय की पेपरात लिही पण पोरीचं आणि गावाचं नाव लिहू नको, म्हणून लिहिलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे साहेब. बाजारभावाचा कोपरा आमच्याकडे सगळे वाचतात, बाकी पेपर वाचो न वाचो. त्याच्या बाजूला रोज एक लहान चौकट द्या, पैसे गेले तर १९३०, जाहिराती बंद करायला १९०९, मेसेजच्या शेवटी पी म्हणजे जाहिरात आणि जी म्हणजे सरकारी. अक्षर जरा मोठं ठेवा.

माझं नाव, गाव आणि फोन नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. छापू नये ही विनंती, कारण त्यावरून शेजारचं गाव आणि ती पोरगी ओळखू येईल. तुम्हाला काही विचारायचं असेल तर दुपारी दोननंतर फोन करा, लाईट असली तर सेंटरवरच असते.

आपली वाचक,
ऑनलाईन सेंटर चालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ